सतरावा खिळा

२ जानेवारी

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आहे. वर सरकत नाही, खाली उतरत नाही. हमाल चहाला गेले ते गेलेच. मी वरच्या पायरीवर, भिंगरी खालच्या पायरीवर आणि मध्ये कपाट. तिला माझे पाय दिसतात, मला तिचा भांग. आता आपण असंच राहायचं का, असं तिने विचारलं. भाडं भरलंय, राहू की, असं मी म्हटल्यावर ती इतकी हसली की तिला खोकला आला. पण साधा खोकला. धाप नाही.

वही पिशवीत वरच होती, म्हणून आजच सुरुवात करते.

ही वस्ती शोधायला दोन महिने लागले. माझी मुलगी भिंगरी नऊ वर्षांची आहे, तिला दमा आहे. तिच्या छातीचे डॉक्टर म्हणाले होते की औषधं मी देतोच, पण हिला धावायला जागा द्या. मी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या: माझ्या पगारात बसणारं भाडं, रुग्णालयापर्यंत थेट बस आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की माती. घरं दाखवणाऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, बाई, यातल्या दोन ठेवा, तिसरी खोडा. स्टेशनजवळचं घर परवडत होतं, पण त्याची खिडकी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरासमोर उघडायची. तळ्याकाठी फिरायला सुरेख रस्ता होता. भाडं ऐकून आम्ही फक्त फिरून परत आलो. चौथ्या फेरीत, मला कटवायचं म्हणूनच असेल, त्याने आम्हाला बसच्या शेवटच्या थांब्यावर आणलं.

रस्ता संपतो तिथे वीस-बावीस घरं. घरं संपतात तिथे टेकडी. अर्ध्या उंचीवर पाण्याची जुनी टाकी दिसते, तिच्या वर झाडी. पायवाट आमच्या मागच्या अंगणाला लागून असलेल्या फाटकातून सुरू होते. भाडं तळ्याकाठच्या निम्मं. इतकं कमी का, असं विचारलं तर तो म्हणाला, लोकांना लिफ्ट हवी, दुकानं हवीत. वारा कुणाला हवाय. मला हवा होता.

घरमालकीण खाली राहतात. साठीच्या, सडपातळ, ताठ. सगळे त्यांना काकू म्हणतात. कपाट बघून त्या म्हणाल्या की याच वळणावर त्यांच्या धाकट्या भावाचं चित्रांचं टेबल अडकलं होतं, शेवटी पाय कापून वर नेलं. ते टेबल वरच्या खोलीत आहे. तुम्हाला अडचण होईल, पण आता ते काही खाली यायचं नाही, असं म्हणाल्या.

हमाल आले. कपाटाचे पाय कापावे लागले.

५ जानेवारी

घर लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सकाळी नऊपर्यंत ऊन. टेबल मोठं आणि बुटकं आहे. भिंगरीने लगेच त्याच्यावर हक्क सांगितला.

आज काकूंनी फाटक दाखवलं. फाटकाच्या आत छपराखाली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांखाली आकडे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. टेकडीवर जाताना आपला बिल्ला काढून बरोबर न्यायचा, उतरल्यावर आपल्या हाताने लावायचा. दिवेलागणीला काकू फळी बघतात, वहीत लिहितात आणि फाटकाला कुलूप लावतात. हे त्यांच्या वडिलांनी सुरू केलं. टेकडीवर धुकं अचानक उतरतं, माणूस चुकतो. वर कोण राहिलं ते खाली कळलं पाहिजे.

मला ही पद्धत फार आवडली. वीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये हेच करते. टाके घालण्यापूर्वी रक्त टिपायचे गॉज मोजायचे, चिमटे मोजायचे, सुया मोजायच्या. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. काकूंना सांगितलं, तर त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, मग सिस्टर, तुम्हाला शिकवायला नको.

मला तेवीस नंबर मिळाला, भिंगरीला चोवीस. तिने बिल्ला गालाला लावून बघितला. गार आहे म्हणाली.

फळीवर एकच खिळा रिकामा होता. सतरा. मी विचारलं. तो माझ्या भावाचा, असं म्हणून काकू पाण्याच्या वेळा सांगायला लागल्या.

७ जानेवारी

रविवारी सकाळी सात वाजता सगळे मिळून चढतात. रांगेने, नंबराप्रमाणे. पहिल्या वळणावर, टाकीपाशी आणि उतरताना मोजणी होते: पुढून एक, दोन, तीन असा प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. आम्ही दोघी शेपटाला. भिंगरीला शेवटचा आकडा म्हणायचा मान मिळाला म्हणून ती टाकीपर्यंत उड्या मारत गेली. एकदाही थांबली नाही. मीच थांबले. मागे वळून म्हणाली, आई, तुला पंप देऊ का.

वरून अख्खं शहर दिसतं. रुग्णालयाची चिमणी, तळं, स्टेशन. मी बोटाने सोडून दिलेली घरं दाखवली.

मोजणीत एक गंमत आहे. शिंपीकाका सोळा म्हणतात. मग एक श्वासभर कुणीच बोलत नाही. मग दातांचे डॉक्टर अठरा म्हणतात. डॉक्टर गमतीदार आहेत. त्यांनी सांगितलं की पडलेल्या दाताची जागा असते तशी ही जागा, जीभ आपोआप तिथे जाते. सतरा नंबर म्हणजे काकूंचा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी बिल्ला घेऊन वर गेला. नऊ दिवस शोधलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

तो आमच्याच घरात राहायचा. भाडं निम्मं का, ते आज कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही असं घर शोधायचं तर माझ्या कागदावर चौथी अट आली असती.

१६ जानेवारी

नवीन रुग्णालय बरं आहे. थिएटरमधल्या बायका फटकळ आहेत. मला ‘मोजणीबाई’ नाव पडलं. सर्जन हात धुताना विचारतात, मोजणीबाई, आज आमची बोटं किती. दहा म्हटलं की आत सोडतात.

हे हसू चेहऱ्यावर ठेवायला कष्ट पडतात. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहिते.

जुन्या शहरात, गेल्या पावसाळ्यात, एका ऑपरेशनच्या शेवटी एक गॉज कमी आला. मी सांगितलं. सर्जनना पुढची केस होती. ते म्हणाले, बादलीत असेल, सही करा. मी बादली दोनदा पाहिली. नव्हता. तिसऱ्यांदा पाहिली नाही. ‘मोजणी पूर्ण’ लिहिलं आणि सही केली. अकराव्या दिवशी तो माणूस परत आला. गॉज त्याच्या पोटात होता. तो वाचला नाही. त्याची बायको कॉरिडॉरमध्ये माझ्यापाशी आली आणि मला धन्यवाद म्हणाली, कारण तिला माहीत नव्हतं.

चौकशी झाली. मला कुणी काढलं नाही. मीच निघाले. सगळ्यांना सांगितलं, मुलीला मोकळी हवा हवी.

तेही खरंच होतं.

२३ जानेवारी

काकूंना ताप. दोन-तीन दिवस फळी मी बघायची. वही, किल्ली आणि सूचना एवढीच: सगळे आले की लिहा आणि कुलूप लावा.

संध्याकाळी भिंगरीला घेऊन गेले. तेवीस बिल्ले. वही उघडली. प्रत्येक पानावर काकूंच्या सरळ अक्षरात तेच वाक्य: सतरा बाकी, इतर परत. मागची पानं उलटली. चार वर्षं रोज, एकही दिवस न चुकता. सतरा बाकी. सतरा बाकी. काही पानांवर शाई पसरली होती.

मीही तेच लिहू शकले असते. पेन टेकवलं होतं. पण कुठल्याही कागदावर इतकी जुनी बाकी मी पाहिलेली नाही. रोज संध्याकाळी एका बाईने आपल्या हाताने लिहायचं की आपला भाऊ आला नाही. कुणीतरी हे बंद करायला हवं असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तो रिकामा खिळा बघून माझ्या हातांना चैन पडत नव्हतं.

घरून बिस्किटाच्या डब्याचं झाकण आणलं. थिएटरच्या जुन्या कात्रीने गोल कापलं, सुईने सतरा कोरलं. भिंगरीने विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, रिकामा खिळा ठेवून कुलूप लावायचं नसतं.

लावला. फळी पूर्ण दिसली. वहीत लिहिलं: सर्व परत. सही केली.

२६ जानेवारी

काकू उठल्या. सकाळी फाटकापाशी गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून मी गेले. त्या छपराखाली जमिनीवर बसल्या होत्या. वही मांडीवर. मला वाटलं चक्कर आली, नाडी धरली. त्यांनी हात सोडवून घेतला.

त्या ओरडल्या नाहीत. हे कोणत्या दिवशी लावलं, एवढं विचारलं. मंगळवारी, म्हटलं. मी माझं म्हणणं सांगितलं, माफी मागितली, बिल्ला काढायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट पकडलं. चार वर्षं रोज या खिळ्यावर बोट ठेवून घरी गेले, म्हणाल्या. रोज मनात यायचं की काहीतरी लटकवावं. मी नाही केलं. तुम्ही तीन आठवड्यांत केलंत.

मग म्हणाल्या, आता राहू दे.

चेहरा रागाचा नव्हता. थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा असतो तसा होता.

२८ जानेवारी

रविवार. थोडं धुकं.

पहिल्या वळणावर मोजणी झाली. चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. मी माझा आकडा म्हटला, भिंगरीने तिचा. दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं. श्वासभर थांबणं झालं नाही.

टाकीपाशी शिंपीकाकांना विचारलं. त्यांना वाटलं डॉक्टर बोलले. डॉक्टरांना वाटलं शिंपीकाकांनी दोन्ही म्हटले. दोघंही हसले. मग कुणी हसलं नाही. उतरताना डॉक्टर मुद्दाम शिंपीकाकांकडे बघत चालले.

सोळा. सतरा. अठरा.

शिंपीकाकांचे ओठ हलले नाहीत. डॉक्टरांनी मला हे फाटकापाशी सांगितलं, बिल्ला लावताना. त्यांना खिळा सापडत नव्हता. आवाज जवळून आला, म्हणाले. मला पूर्वी ज्या अंतरावरून यायचा त्याच अंतरावरून.

काकू आज रांगेत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या.

३० जानेवारी

खिळ्यावरचा बिल्ला माझा नाही. मी केलेला पत्र्याचा होता, एका बाजूला बिस्किटाच्या नावाचं लाल अक्षर होतं. हा पितळी आहे. कडा झिजलेल्या. आकड्यांच्या खाचांत माती.

बाराच्या सुमाराला काढला, रुमालात गुंडाळला, रुग्णालयात नेऊन जिथे सुया टाकतो त्या डब्यात टाकला. तो डबा रोज भट्टीत जातो.

संध्याकाळी परत आले. तो खिळ्यावर होता. माती ओली.

१ फेब्रुवारी

टेबलाखाली चिखल. दोन पावलांचा, टाचा मागे, बोटं पुढे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पाय असतात तसा. जिन्यात काही नाही. दारापाशी काही नाही.

भिंगरी दुपारभर चित्रं काढते. पूर्वी घर, सूर्य, मी. आता वस्ती, वरून. टाकीच्याही वरून दिसते तशी. आम्ही तिथपर्यंत कधी गेलो नाही. प्रत्येक घर जागच्या जागी, सावल्या बरोबर. तिला इतकं येत नाही. कुणी शिकवलं, असं विचारलं. मास्तरांनी, म्हणाली. जसं शाळेतल्या बाईंचं नाव सांगते तसं. मी विचारलं, ते काय बोलतात. फारसं नाही बोलत, म्हणाली. आकडे विचारले की सांगतात.

आमच्या घराच्या खिडकीत तिने तीन माणसं काढली आहेत. एक लहान, दोन मोठी.

दुसरं घर बघायचं. घरं दाखवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, एवढ्यात कंटाळलात वाऱ्याला? आठवड्याने या.

३ फेब्रुवारी

काकूंकडे गेले. दोन ताटं वाढलेली होती. एक त्यांचं. दुसऱ्यातलं अर्धं संपलं होतं आणि पेल्याच्या काठाला माती होती.

मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी मध काढणारा एक माणूस वरून आला नाही. त्याच्या आईने दोन वर्षांनी दोऱ्यात काच ओवून त्याच्या खिळ्याला लावली. तो चौथ्या दिवशी आला. जेवायचा, झोपायचा. आई आनंदात होती. पंधरवड्यात त्या जुन्या फळीवरचा अकरा नंबर गेला, धडधाकट, सकाळी फिरायला म्हणून. तेव्हा वडिलांनी नियम केला की कुणाच्या रिकाम्या खिळ्याला हात लावायचा नाही. वर जितके बाकी असतात तितके वर राहतात. आपण खाली खोटं लिहिलं म्हणून वरचा हिशेब बदलत नाही.

कोण जाणार, असं मी विचारलं.

त्यांनी ताटावर जाळी ठेवली.

मी म्हटलं, त्यांना परत पाठवा. काकू म्हणाल्या, तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, मी त्याला कडेवर वाढवलाय. सिस्टर, तुम्ही पाठवलं असतं का तुमच्या माणसाला?

आतल्या खोलीत कुणीतरी पेन्सिलला टोक करत होतं.

६ फेब्रुवारी

ड्यूटी दोनला संपली. घरी भिंगरी नाही. पिशवी टेबलावर, पंप पिशवीत. काकू म्हणाल्या, आत्ता इथेच होती.

फळीवर चोवीस नव्हता.

किती वेळात चढले माहीत नाही. टाकीच्या वर, जिथे वाट दोन झाडांमधून आत जाते, तिथे ती दगडावर बसली होती. मास्तर पुढे गेलेत, मी दम खातेय, म्हणाली. दम लागलेला नव्हता. श्वास इतका संथ होता की मला कान लावावा लागला. पुढे वाटेवर एक पाठ दिसली. जुना स्वेटर, कोपरावर ठिगळ. थांबलेली. वळली नाही.

मी तिला उचललं आणि पळाले. नऊ वर्षांची मुलगी. पडले, उठले. फाटक. घर. दार लावलं. जिन्यात कपाट ओढलं असतं, पण त्याला आता पायच नाहीत, सरकेना.

ती माझ्याकडे आहे. हाताला धरून लिहिते आहे.

तिच्या मुठीत बिल्ला नाही. खिशात नाही. बुटात नाही. वर पडला.

ती खाली आहे. फळीवर ती वर आहे.

७ फेब्रुवारी

सकाळी बसमध्ये कंडक्टरने एकच तिकीट दिलं. दोन म्हटलं. दुसरं कुणाचं, असं त्याने विचारलं. ती माझ्या शेजारी बसली होती.

शाळेतून फोन. आज मुलगी आली नाही का. मी स्वतः तिला वर्गाच्या दारात सोडलं होतं. गेले, तर ती आपल्या बाकावर, वही उघडून. बाई तिच्यासमोर उभ्या राहून मला सांगत होत्या की आज गैरहजर.

मी म्हटलं, ही काय. बाई दचकल्या. अरे, म्हणाल्या, लक्षातच नाही आलं.

८ फेब्रुवारी

नाडी मोजली. उजव्या हाताची, मग डाव्या. मग गळ्याला. दहा वेळा.

दर तेवीस ठोक्यांनंतर एक ठोका नाही.

तिला काही दुखत नाही. भूक आहे. हात गार. मोकळ्या हवेने किती बरं वाटतं, असं म्हणाली. छातीच्या डॉक्टरांनी तपासलं, फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले. निघताना मला म्हणाले, पुढच्या वेळी मुलीला घेऊन या.

९ फेब्रुवारी

वीस ठोक्यांनंतर.

काकूंच्या दारात गेले. त्यांनीच दार उघडलं. त्या रडल्या आहेत. म्हणाल्या, पोरीचं नाव मला आत्ता आठवत नव्हतं, खूप आठवावं लागलं. म्हणाल्या, बिल्ला कुणीतरी जाऊन आणला तर ती खाली येईल. पण एक खिळा रिकामा राहतोच. मी गेले असते. काल फाटकापर्यंत गेले. मग वाटलं, तो आत्ताच तर आलाय, त्याला कोण जेवायला घालेल.

त्यांना दोष कसा देऊ. सही माझी आहे.

१० फेब्रुवारी

सोळा.

भिंगरीला समोर बसवून कपाट लावलं. तिचे कपडे एका बाजूला. पंप वरच्या कप्प्यात. तिच्या मावशीचा फोन नंबर दाराच्या आतून लिहिला. कात्री, सुया, चिमटे तिच्याकडून मोजून घेतले. तिने बरोबर मोजले. मी विचारलं, मोजणी जुळली नाही तर काय करायचं. टाके घालायचे नाहीत, म्हणाली. मी शिकवलेलं.

पोटात गॉज राहिलेल्या त्या माणसाच्या बायकोला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. उद्या वाटेत पेटीत टाकेन.

११ फेब्रुवारी

सकाळ. रविवार. टाकीच्या वर. धुकं आहे, पेन्सिलने लिहिते.

पत्र पेटीत टाकलं. साडेसहाला तेवीस घेऊन निघाले. फळीवरच्या सतराकडे पाहिलं नाही. भिंगरीला काकूंकडे झोपलेली सोडली. कपाळ गार होतं. बारा. मी मोजले.

चोवीस सापडला. दगडाच्या मागे, पानांत. तितकाच गार. या वहीत ठेवते, पानांमध्ये, दोऱ्याने बांधून.

खाली जायला वळले. वाट तीच आहे. दोन झाडं, दगड. पुन्हा दोन झाडं. दगड. तीनदा आले. चौथ्यांदा मोजलं नाही.

ते दगडाशेजारी उभे आहेत. स्वेटरला ठिगळ. चेहरा साधा, थकलेला. चित्रकलेच्या मास्तरांचा असतो तसा. खालच्या बाजूला त्यांची वाट मोकळी दिसते. माझ्याकडे हात पुढे केला आहे. मला धरायला नाही. वहीसाठी.

देणार आहे. एवढं लिहून —

खालून आवाज येतात. रांग निघाली. पहिलं वळण. एक. दोन. ओळखीचे सगळे. डॉक्टरांचा घसा बसलाय. नाही, ते अजून — चौदा, पंधरा. शिंपीकाका. सोळा.

सतरा. माझ्या शेजारून.

अठरा. एकोणीस. वीस.

तिची नाडी आता —

एकवीस. बावीस. सगळे थांबलेत. माझ्यासाठी थांबलेत. मी म्हणते आहे. मी मोठ्याने म्हणते आहे, ते ऐकत का नाहीत, मी ते

१२ फेब्रुवारी

मी भिंगरी. आईच्या वहीत लिहिते आहे.

आज सकाळी मी उठले तेव्हा मला बरं वाटत होतं आणि काकूंनी मला नावाने हाक मारली. वही मास्तरांनी काल आणून दिली. त्यात माझा बिल्ला होता. काकूंनी तो माझ्या हाताने लावून घेतला. आई खाली आली नाही. सगळे शोधायला गेले होते, आजही गेलेत. सकाळी निघताना मोजणी झाली तेव्हा बावीसनंतर सगळे थांबले आणि मग मी चोवीस म्हटलं. काकूंनी फळीच्या वहीत लिहिलं, तेवीस बाकी, इतर परत. मावशी उद्या येणार आहे.

डब्याचं झाकण उरलेलं होतं. मी आईच्या कात्रीने गोल कापलं आणि सुईने तेवीस कोरलं. तीन थोडा वाकडा झाला. कात्री आणि सुई मोजून परत ठेवली. दुपारी काकू आणि मास्तर झोपतात, तेव्हा मी तो लावणार आहे. रिकामा खिळा ठेवून कुलूप लावायचं नसतं, असं आईनेच सांगितलं होतं.